आतून कडी असलेली खोली

४ मार्च

तिसरं पुस्तक आज पक्कं झालं, म्हणून ही वही सुरू करतोय. पहिल्या दोन पुस्तकांच्या वेळी काहीच लिहून ठेवलं नाही आणि आता कोण काय म्हणालं, कोणतं चित्र कधी झालं, काही म्हणता काही आठवत नाही. पुढेमागे कुणाला आमच्या छापखान्याचा इतिहास लिहावासा वाटला तर त्या बिचाऱ्याची पंचाईत व्हायला नको.

कामं वाटलेली आहेत. वहिनी चित्रं काढते, मी मजकूर लिहितो, दादा छापतो आणि विकतो. तिन्ही पुस्तकं एकाच आर्किटेक्टच्या घरांची. पहिलं टेकडीवरच्या घरांचं, दुसरं नदीकाठच्या. फोटोंना लोक विटलेत, हातानं काढलेल्या चित्रांना मान आहे, असं दादा म्हणत होता आणि तेच खरं ठरलं. आता तिसरं पुस्तक आर्किटेक्टच्या स्वतःच्या घराचं. माणूस ऐंशीच्या पुढे गेलाय, एकटा राहतो, आजवर त्यानं कुणाला आत घेतलं नव्हतं. आज हो म्हणाला.

दादाला इतका आनंद झाला की त्यानं प्लेटा बनवणाऱ्याच्या पाठीत थाप घातली, तर तो गडी तोंडावर मशीनवर आपटला आणि ओठ फुटला. सगळे हसले. रक्त पुसत तोही हसला. दादाच्या हाताला वजनच आहे, त्याला तो तरी काय करणार!

९ मार्च

घर पाहून आलो. अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. बाहेरून बघावं तर करड्या काँक्रीटची लांबच लांब पेटी, सपाट छप्पर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच खिडकी. आत एकही भिंत छतापर्यंत जात नाही. दिवाणखान्यातून स्वयंपाकघर दिसतं, स्वयंपाकघरातून पलंग. मधल्या भागात तीन पायऱ्या उतरून बसायची जागा आहे, कोरड्या हौदासारखी. आणि आत दार म्हणून नाही! एकुलतं एक दार न्हाणीघराला. मी लगेच टिपून घेतलं: ‘हे घर कुणापासून काही लपवत नाही.’ प्रकरणाचं पहिलं वाक्य हेच.

वहिनी घरभर फिरली. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा घातला होता तिनं. उन्हानं तिची कातडी लाल होते म्हणे. फिरून झाल्यावर तिनं आर्किटेक्टला विचारलं, “आजोबा, या घरात भांडण झालं तर माणसानं जायचं कुठे?”

वहिनीचं हे असं. काहीतरीच विचारते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा मोठा माणूस, त्याला हे काय विचारायचं? तो मात्र म्हणाला, “माझी बायको न्हाणीघरात जाऊन बसायची.”

गाडीत दादा नुसता दात आवळून बसला होता.

१० मार्च

आज दादा-वहिनींची खोली पुन्हा लावणं चाललं होतं. माझी खोली भिंतीला भिंत लावून, त्यामुळे सगळं ऐकू येतं. कपाट सरकवल्याचा आवाज, काहीतरी पडलं, मग शांत. दादाला सामान इकडचं तिकडे करायची भारी हौस. आईनं रेडिओ मोठा केला. तिला या आवाजांचा त्रास होतो.

१५ मार्च

वहिनी रोज तिकडे जाते. मी दुपारी मजकुरासाठी जातो. आज ती बाहेरून खिडकी काढत बसली होती, तेव्हा आर्किटेक्टनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “हिला कोण मारतं?”

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, “कुणाला?”

“चित्रं काढणाऱ्या मुलीला.”

मी हसलो. म्हटलं, “साहेब, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. ती आमच्या घरातली सून आहे.”

“ते मला माहीत आहे,” तो म्हणाला, आणि पुढे माझ्याशी बोललाच नाही. वय झालं की माणसं तिरसट होतात. पुस्तकात याचा उल्लेख करायचा नाही. लोकांना त्याच्याबद्दल आदर आहे, तो राहू द्यावा.

२३ मार्च

वहिनीच्या उजव्या मनगटाला सूज आहे. कपाटाच्या दारात हात सापडला. वेंधळी आहेच ती थोडी. लग्न होऊन आली तेव्हापासून काही ना काही पडतंच तिच्या हातून, नाहीतर तीच कशावर तरी पडते. दोन दिवस डाव्या हातानं चित्रं काढतेय. रेषा थरथरते, पण मला ती आवडली. मी लिहिलं: ‘थरथरती रेषा म्हणजे घराचा श्वास.’ तिला वाचून दाखवलं.

“भावजी,” ती म्हणाली, “तुम्हाला खरंच असं वाटतं?”

“म्हणजे काय!”

ब्रश धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

२ एप्रिल

काय दिवस होता! सकाळी बातमी आली की जाड्यानं त्याच आर्किटेक्टच्या घरांचं फोटोंचं पुस्तक काढलंय. जाड्या म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचा प्रकाशक. आमच्याच दादाच्या हाताखाली शिकला आणि वेगळी चूल मांडून बसला. पुस्तकांच्या दुकानात दर्शनी टेबलावर ढीग लावलेला. दादानं एक प्रत उचलली, पानं उलटली. चांगलं होतं पुस्तक, खोटं कशाला बोलू? जाड्या स्वतः तिथेच सह्या करत बसला होता. म्हणाला, “या दादा, तुमचेच आशीर्वाद.”

दादानं ती प्रत मिटली आणि तिचा कणा जाड्याच्या नाकावर घातला. जाड पुठ्ठ्याची बांधणी होती. कट्कन आवाज झाला. जाड्या खुर्चीसकट मागे गेला, दादानं टेबल उलटं केलं आणि खाली पडलेल्या माणसाला लाथा घालायला लागला. पोटात, बरगड्यांत, तो हात आडवे धरत होता तर हातांवर. दुकानदार ओरडत होता, बायका दाराकडे पळत होत्या. मी दादाला मागून मिठी मारली तेव्हा त्याचं सगळं अंग तापलेलं होतं, धावून आलेल्या घोड्यासारखं. पांढऱ्या पानांवर थेंब उडाले होते. एक पान उघडंच पडलं होतं, त्यात टेकडीवरचं घर.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली आणि त्याचबरोबर थोडी मजाही. दादा आपल्यासाठी भांडतो. असा भाऊ प्रत्येकाला मिळत नाही.

३ एप्रिल

वहिनी जिन्यावरून पडली. आज गेली नाही तिकडे. डोळा पार मिटलाय. आईनं तिला दूध नेऊन दिलं आणि दार लोटून घेतलं. जाड्यानं तक्रार केली नाही. दादा जाऊन त्याच्याशी बोलून आला.

१२ एप्रिल

नवीनच भानगड. आर्किटेक्टनं वहिनीच्या नकाशावर पेन्सिलनं एक खोली काढून ठेवली! घराच्या मागच्या अंगाला, छोटीशी, चारी भिंती छतापर्यंत. उंचावर एक झरोका. दार आतल्या बाजूला उघडतं आणि दाराला आतून कडी. बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: ‘ही राहून गेली होती.’

त्याचं म्हणणं, पुस्तकात घर छापायचं ते या खोलीसकट. मी हरप्रकारे समजावलं. म्हटलं, साहेब, जे बांधलंच नाही ते कसं छापायचं? लोक इतकी वर्षं या घराला नावाजतात ते आत दार नाही म्हणूनच.

“नावाजणारे रात्री आपापल्या घरी जातात,” तो म्हणाला. “राहत त्यांतलं कुणी नाही इथे.”

“पण माझा सगळा मजकूर त्यावरच आहे!”

“मग बदला मजकूर.”

वहिनी म्हणाली, “मी काढते खोली.” इतक्या ठाम आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. म्हातारा आणि ती एकमेकांकडे बघून चक्क हसले. त्या दोघांचं काय गूळपीठ जमलंय कोण जाणे.

घरी येऊन दादाला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. कागद येऊन पडलाय, अर्ध्या प्लेटा तयार आहेत. त्यानं हातातला कप भिंतीवर फोडला. मग वहिनीला म्हणाला, “उद्यापासून तिकडे जायचं नाही.”

ती म्हणाली, “चित्रं अपुरी आहेत.” आणि खोलीशिवायचं चित्र मी देणार नाही, असंही म्हणाली. दादाला! मी उठून माझ्या खोलीत गेलो. नवरा-बायकोंच्या मध्ये आपण पडू नये.

१८ एप्रिल

हे दुसऱ्या दिवशी लिहितोय. काल लिहिणं शक्य नव्हतं.

वहिनी सकाळी न सांगता तिकडे गेली. दुपारी दादा मला म्हणाला, चल. घरात शिरलो तर ती खिडकीपाशी मोठ्या ड्रॉइंग बोर्डवर काम करत होती, आर्किटेक्ट शेजारी खुर्चीत.

“गुंडाळ सगळं,” दादा म्हणाला. “निघायचंय.”

“थोडंच राहिलंय. संध्याकाळी येते.”

“आत्ता.”

“खोली राहिलीय फक्त.”

दादानं तिच्या कानशिलात मारली. उघड्या हातानं नाही, मुठीनं. ती टेबलावर गेली, रंगाच्या पाण्याचं भांडं फुटलं, आणि ती त्या काचांवर हात टेकूनच उठली. ओरडली नाही. मला त्याचंच नवल वाटलं, की ओरडली नाही. तिनं नुसतं इकडेतिकडे पाहिलं आणि पळाली. खांबाला वळसा घालून स्वयंपाकाच्या ओट्यामागे, तिथून पलंगाच्या पलीकडे. कुठेही गेली तरी सगळीकडून दिसत होती. दादा पळतही नव्हता, चालत होता. शेवटी ती न्हाणीघराकडे धावली आणि दार लावणार तोच दादानं फटीतून हात घालून तिचे केस धरले. तिला फरफटत बाहेर ओढलं आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. परत. लाकडाचा आवाज काँक्रीटच्या घरात फार मोठा होतो.

मी जागचा हललो नाही.

हलला तो म्हातारा. काठी घेऊन उठला, दादापर्यंत गेला आणि त्याच्या मानेवर काठी घातली. म्हणाला, “माझ्या घरात नाही!” दादानं वळून त्याला दोन्ही हातांनी ढकललं. फार जोरात नाही, माशी हाकलावी तसं. म्हातारा मागे मागे गेला आणि त्या तीन पायऱ्यांवरून पाठीवर पडला. कडेवर डोकं आदळलं. नारळ फुटल्यासारखा आवाज आला आणि मग त्याचा एक पाय तेवढा हलत राहिला.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. ड्रॉइंग बोर्ड माझ्या हातात होता, जाड सागवानी, दोन हातांनीच उचलावा लागेल असा. त्याची कड दादाच्या खांद्यावर बसली. तो वळला, म्हणाला, “अरे, मी—” तेव्हा जबड्यावर. तो पडला. मी मारत राहिलो. हात आडवा आला त्यावर मारलं, हाड मोडल्याचं माझ्या तळव्यांना कळलं. तोंड रक्तानं भरलं होतं, त्यातून तो काहीतरी म्हणत होता, बहुतेक माझं लहानपणीचं नाव. वहिनी किंचाळली, “बास! मरेल तो! बास!” मी थांबलो नाही लगेच. अजून थोडं मारलं.

मग बोर्ड टाकून तिच्याकडे गेलो. म्हटलं, “झालं आता. घाबरू नकोस.” तोंडातून पहिल्यांदाच ‘तू’ गेलं. माझ्या कोपरापर्यंत रक्त होतं. वहिनी बसल्या जागेवरून मागे सरकत सरकत न्हाणीघरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पोलीस येईपर्यंत उघडलं नाही. धक्का बसला होता तिला, साहजिक आहे.

मला मात्र लख्ख वाटत होतं. हात अजिबात थरथरत नव्हते. आताही नाहीत.

२२ एप्रिल

दादाचा जबडा तारांनी बांधलाय, हात दोन ठिकाणी मोडलाय. खाटेशेजारी शिपाई बसवलाय. आई माझ्या पाया पडायला आली. “म्हातारा घसरून पडला म्हण,” म्हणाली. “सख्खा भाऊ आहे तुझा.” मी म्हटलं, आई, जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगणार.

सांगितलं. इन्स्पेक्टरनं सगळं लिहून घेतलं, दादाला मी मारलं ते वहिनीला वाचवण्यासाठी, हेही. वहिनीलाही तिथेच बसवलं होतं, कपाळाला टाके, हाताला पट्टी. शेवटी त्यानं मला विचारलं, “याआधी तुमच्या भावानं यांच्यावर हात उचलल्याचं कधी पाहिलंत?”

“छे,” मी म्हटलं. “आमच्या घरात तसलं काही नाही. त्या दिवशी त्याचं डोकं फिरलं, एवढंच.”

वहिनी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं तिला बरं वाटलं असेल. चार लोकांत घरची अब्रू राखली. इन्स्पेक्टरनं तिला विचारलं, “काही म्हणायचंय?” ती म्हणाली, “यांच्या देखत नाही.” मला बाहेर बसायला सांगितलं. बराच वेळ चाललं आत.

२७ एप्रिल

आर्किटेक्ट गेला. शुद्धीवर आलाच नाही. वहिनी अखेरपर्यंत तिथे होती म्हणे, पण मी पोहोचलो तोवर निघून गेली होती. घरीही आली नाही. आईला विचारलं तर म्हणाली, मला माहीत नाही. खोटं बोलताना आई पदराशी चाळा करते.

६ मे

छापखाना मी बघतोय. कुणीतरी बघायलाच हवा. दादाच्या खुर्चीत बसलो, पाठीला बरी आहे. नवल म्हणजे, लोक ऐकतात माझं. पूर्वी मी एखादी गोष्ट तीनदा सांगायचो आणि बाइंडर कान खाजवत उभा राहायचा. आता एकदा बोललो की पुरतं. आईसुद्धा चहाचा मोठा कप माझ्यासमोर ठेवते, दादाचा असायचा तो. मी स्वयंपाकघरात शिरलो की ती बोलता बोलता गप्प होते. थकलीय बिचारी.

पुस्तक मी काढणारच. मजकूर तयार आहे. खोलीचं प्रकरण वगळायचं ठरवलंय. म्हातारा शेवटी भ्रमिष्ट झाला होता, त्याचं हसं कशाला करायचं?

१४ मे

बाइंडरनं पहिल्या फर्म्याची, म्हणजे छापील तावाची, घडी चुकवली. मी एकच चापट मारली. एकच, आणि तीही हलकीच. त्याचा चष्मा पडला. तो उचलताना म्हणाला, “दादा बरे होते. त्यांचं आधी तोंडावरून कळायचं.”

विनोदी माणूस आहे. सगळे हसले नाहीत, पण मी हसलो.

२१ मे

वहिनीचा पत्ता लागला. कुणी सांगेना, तेव्हा मी डोकं चालवलं: रंग तर तिला लागणारच. रंगांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहायचो रोज. परवा ती आली. बारीक झालीय. मी तिच्या मागोमाग घरापर्यंत गेलो, हाक मारली नाही. रस्त्यात उगाच दचकली असती.

आज तिची चित्रं घेऊन गेलो. सगळी नाही, निम्मी. निम्मी घरी ठेवलीत, म्हणजे ती न्यायच्या निमित्तानं तरी ती येईल. हॉस्पिटलच्या नर्सांची बिल्डिंग आहे, लांब गॅलरी, एकीला लागून एक खोल्या. मी जिना चढलो तर तीनचार बायका गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. दणकट बायका. वहिनी त्यांच्या मागे, अगदी टोकाला.

मी म्हटलं, “वहिनी, चित्रं आणलीत. तुझी खोली अजून तशीच आहे. आई वाट बघते.”

ती म्हणाली, “इथे कसे आलात?”

“तुझ्या मागून. परवा.”

पुढे उभी असलेली बाई म्हणाली, “चित्रं खाली ठेवा.” मी ठेवली. वहिनीला म्हटलं, मी होतो म्हणून त्या दिवशी वाचलीस, निदान चहा तरी विचारशील की नाही? गमतीत म्हटलं होतं. ती तिथूनच म्हणाली, “भावजी, तुमची खोली आमच्या शेजारीच होती.”

आहेच की. अजून तिथेच आहे. याचा आत्ता काय संबंध? ती फार दमलेली दिसत होती, म्हणून मी वाद घातला नाही. म्हटलं, येत जाईन अधूनमधून.

त्या बाया तशा माणुसकीच्या वाटल्या. पुढची तर मला सोडायला थेट रस्त्यापर्यंत आली. माझ्या मागेच चालत होती, हातात हातोडी. नवीन जागा, चित्रं टांगायला भिंतीत खिळे मारायचे असतील. बायकांना ते नीट जमत नाही. उद्या मीच जाऊन ठोकून देतो.